पिंपाची भर

पांढरा माळ, भूम
९ फेब्रुवारी १९५९

ती. अण्णांस,
धाकटी बहीण शारदा हिचा नमस्कार. तुम्ही खुशाल असाल असं धरून चालते, कारण कार्डात तुम्ही ते लिहिलेलं नाही.

कार्डात होतं ते एवढंच: दारूबंदी आता आपल्या मुलखालाही लागू होते आहे, अंगुरी दारूचा परवाना पुन्हा मिळायचा नाही, म्हणून द्राक्षाच्या वेली काढून माळ भूमच्या बब्रुवानला देऊन टाकायचा. वहिनीनं तुळजापूरला भाच्याकडं जावं आणि मी 'कुठंही' राहावं. कुठंही नावाचं गाव कोणत्या एसटीनं लागतं, तेवढं मात्र कळवा. धाराशिवच्या स्टँडावर विचारून ठेवते.

बब्रुवान येऊन गेला. बागेत शिरला, पण वर एकदाही बघितलं नाही. पांगारे फुललेत, त्यांच्यावर चढलेल्या वेलींना काळे घड लटकलेत, पण त्याचं सगळं लक्ष पायाखाली. वहाणेनं जमीन उकरली, खडा उचलून दातानं फोडला आणि म्हणाला, "माल लई चांगला हाय, बाई." मला वाटलं द्राक्षांना म्हणतोय. तो मुरमाला म्हणत होता. सडकेच्या कामाला मुरूम लागतो, म्हणून त्याला अख्खा माळ खणून न्यायचा आहे. म्हणजे आपण जिथं राहतो ती जागा गाडीत भरून जाईल आणि लोक तिच्यावरून बार्शीला जातील.

तुम्ही हा माळ घेतलात तेव्हा सगळं भूम हसलं होतं. खाली काळं रान सोडून चुनखडीवर कोण बाग लावतो? तेव्हा तुम्ही मला हाताला धरून फिरवलं होतं आणि सांगितलं होतं, शारदे, काळ्या रानात वेल माजते. पानं होतात, मणी फुगतात, आत पाणी. इथं वर हातभर माती, खाली मुरूम, त्याखाली चुनखडीच्या भेगा. पाणी पडतं आणि निघून जातं. वेलीला त्याच्यामागं भेगांतून खाली जावं लागतं, आणि कष्टाचं खाल्लेलंच अंगी लागतं. उतार उगवतीला, म्हणून सकाळचं ऊन दव लवकर उचलतं, दुपार कलली की टेकडीचीच सावली. दिवस तापतो, पण पहाटे गोधडी लागते, म्हणून गोडी भरते आणि आंबटपणाही टिकतो. हे सगळं तुम्ही बोललात. मी फक्त लक्षात ठेवलं.

यंदा परतीचा पाऊस आखडता आला. मणी नेहमीपेक्षा बारीक, साल जाड, रंग असा की तोडणाऱ्या बायांची बोटं धुऊन निघत नाहीत. अंगुरीला याहून चांगलं वर्ष नसतं. आणि याच साली परवाना नाही. बलभीम माळी घड पाटीत भरून भूमच्या बाजारात घेऊन बसला, तर लोकांनी एक मणी तोंडात टाकला, बिया थुंकल्या आणि पुढं गेले. खायचं द्राक्ष नव्हेच ते. माळानं त्याला एकाच कामासाठी घडवलं, आणि ते काम सरकारनं बंद केलं.

वहिनी बरी आहे. छाटणी तिनंच केली. तुमचं कार्ड मी तिला वाचून दाखवलं. ती ऐकत होती आणि शेंगा सोलत होती. "काही लिहायचं का?" विचारलं, तर म्हणाली, "शेंगा संपल्या, वन्सं."

विलीनीकरणानंतर तुम्ही बदलीवर हैदराबादला गेलात. बदली संपली, तुम्ही आला नाहीत. तिकडं दुसरा संसार मांडलात हे आम्हाला बाजारात कळलं, भाजीवालीकडून. त्याबद्दल काही लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण लिहिलं गेलं. खोडून कागद घाण कशाला करू?

माळ विकू नका अण्णा. दुसरं काही मागत नाही.

शारदा

२० मे १९५९

ती. अण्णांस,
नमस्कार. अनाबेशाही द्राक्षाच्या काड्या पोचल्या. ओल्या गोणपाटात गुंडाळून एसटीच्या टपावरून आल्या, कंडक्टरनं "बाई, आत काय साप हायत का?" म्हणून लांबूनच दिल्या. तुमचं म्हणणं समजलं: एक साल थांबतो, खायची द्राक्षं होतात का बघा, नाही तर बब्रुवान आहेच. एक साल थांबलात, हे तुमच्याकडून पुष्कळ झालं. खोटं नाही लिहीत, मला बरं वाटलं.

काड्या बलभीमनं उताराच्या खालच्या बाजूला लावल्या, जिथं माती त्यातल्या त्यात जाड आहे. रोज खालून घागरी वर येतात. बलभीमची बायको गजराबाई म्हणते, "हैद्राबादच्या सुना लई नाजूक, अंघोळीशिवाय राहीनात." मी हसले. वहिनी हसली नाही. मग मला कळलं आपण कुठं हसलो ते.

आता तळघराचं. रामलिंग काम सोडून गेला. तुमच्यामागं तोच दर आठवड्याला खाली उतरून पिंपांना भर घालायचा. तुम्हीच त्याला शिकवलं होतं की लाकूड रस पितं, पातळी उतरते, तेवढी जागा रिकामी राहिली की वारा शिरतो आणि रस फिरतो. म्हणून पिंप कधी उणं ठेवायचं नाही. परवाना संपल्यावर दारूबंदीचे साहेब आले, म्हणाले, पिंपं ओतून टाका, आम्ही नंतर येऊन बघू. रामलिंगनं सगळ्या पिंपांची बुचं काढली, एक पिंप हलवून बघितलं, ते हललं नाही. माणसं आणतो म्हणून गेला तो सोलापूरला गिरणीत लागला. जाताना म्हणाला, "इतकी वर्सं भरली, बाई. ओतायला हात उठंना."

पिंपं तशीच आहेत, बुचं उघडी. तुम्ही म्हणाल, लावायची नाहीत का? कोण लावणार? मी सोवळ्यातली बाई, दारूच्या पिंपाला हात लावून देवघरात कशी जाऊ? बलभीम माळकरी. तो तळघराच्या दारावरून जातानासुद्धा नाकाला उपरणं लावतो. आणि वहिनी, तुम्ही गेल्यापासून त्या पायऱ्या उतरलेली नाही. इतकी वर्षं या माळावर दारू झाली आणि ती शिवायला चालेल असं इथं एक माणूस राहिलेलं नाही. मी म्हटलं, उघडी आहेत तर उन्हाळ्यात आपोआप उडून जाईल. कपडे वाळतात तसं. तेवढंच काम कमी.

फार थकायला होतं आताशा. वय म्हणा, ऊन म्हणा.

शारदा

१९ ऑक्टोबर १९५९

ती. अण्णांस,
नमस्कार. तुमचं कार्ड दसऱ्याला आलं, लवकर छाटणी करा म्हणजे माल जानेवारीत बाजारात जाईल असं. छाटणी आत्ता झाली, कोजागरी झाल्यावर. रागवू नका. देवीची निद्रा चालू असताना या माळावर वेलीला कात्री लागत नाही, हे तुम्ही असतानाही पाळत होतो. तुळजापूरची आई निजलेली आणि आपण खाली कचाकच तोडायचं, हे बलभीमला सांगायला मी धजले नाही. तुम्ही सांगितलं असतं तर त्यानं ऐकलं असतं की नाही, देव जाणे.

अनाबेशाही गेली. आधी पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या. बलभीमनं शेणखत दिलं, गजराबाईनं नजर काढली. पण खाली चुना आहे, आणि तो त्यांना मानवला नाही. मग परतीचा पाऊस आला आणि खालच्या बाजूला पाणी तुंबलं तिथल्या पानांवर केवडा रोग पडला. तेरखेड्याहून आणलेला गंधक फुंकून बघितला, पण तो भुरीला चालतो, केवड्याला नाही. उतारावरच्या आपल्या जुन्या, काळ्या द्राक्षाच्या हबशी वेलींना मात्र काहीसुद्धा झालं नाही. पाऊस थांबला, वारा सुटला, पानं वाळली, संपलं.

हे मी तुम्हाला टोमणा म्हणून लिहीत नाही. तुम्हीच एकदा म्हणाला होतात, जमिनीला विचारून लावावं. हैदराबादेत बसून विसरलात, एवढंच.

मग बब्रुवान पुन्हा आला, तुमचं पत्र दाखवत. फाल्गुनात तुम्ही सह्या करायला येताय, असं तोच मला सांगतो. मला तुमच्याकडून कळलं असतं तरी चाललं असतं. त्यानं वेली मोजल्या नाहीत, पण पांगारे मोजले. सरपणाला होतील म्हणाला. वहिनी ओट्यावर उभी होती. तो गेल्यावर तिनं कात्री घेतली आणि राहिलेल्या वेली छाटायला गेली. मी म्हटलं, आता कशासाठी? तर म्हणाली, "त्यांची सही फाल्गुनात आहे. घड माघात येतात."

छाटलेल्या काडीच्या टोकाला पाणी येतं, तुम्हाला आठवत असेल. वेल रडली, मूळ जिवंत आहे, असं बलभीम म्हणतो. यंदा सगळ्या रडल्या.

तळघरातून वास येतोय. अंगुरीचा नाही, काही वेगळाच, नाकाला झोंबणारा. उडून जाईल असं मी लिहिलं होतं, पण उडालेलं दिसत नाही. पुढं काय करायचं सुचत नाही.

शारदा

१७ जानेवारी १९६०

ती. अण्णांस,
नमस्कार. काल जे झालं ते सांगते.

दारूबंदीचे साहेब आले, बरोबर पंच म्हणून भूमचे किराणावाले गुरुसिद्धप्पा. साहेबांनी बलभीमला विचारलं, "दारू कुठं ठेवलीय?" बलभीम हात जोडून म्हणाला, "दारू तेरखेड्याला, साहेब. फटाक्यांची. आमी तिकडनं निस्ता गंधक आणतो." साहेबांना वाटलं थट्टा करतोय. ते तापले. मला म्हणाले, पिंपं ओतलेली नसतील तर माळावर बोजा चढेल आणि खटला मालकावर होईल. मालक म्हणजे तुम्ही. मी म्हटलं, पिंपं ओतलेली नाहीत. खोटं बोलायचं त्राण नव्हतं.

मग सगळे तळघरात उतरले. मी दारात उभी. कंदील धरला तर पिंपाच्या तोंडाशी जाड पापुद्रा, सायीसारखा. साहेबांनी वाकून वास घेतला आणि एकदम मागं आले, डोळ्यांतून पाणी. गुरुसिद्धप्पांनी बोट बुडवून जिभेला लावलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "साहेब, ही दारू न्हाय. सिरका हाय. आन् असला सिरका म्या हैद्राबादला पाहिला व्हता, हकिमाच्या दुकानात."

साहेबांनी प्रत्येक पिंप बघितलं. सगळी तशीच. बुचं उघडी राहिली, भर पडली नाही, वारा शिरला, आणि वर्ष व्हायच्या आत तुमची अंगुरी आंबून सिरका झाली. आम्हा शिवाशिव पाळणाऱ्यांच्या हातून घडलेली चूक ती. साहेबांनी पंचनाम्यात 'सिरका' लिहिलं आणि चहा मागितला.

गुरुसिद्धप्पांनी बसून सगळं विचारलं. कुठल्या वेलीचं, कुठल्या उताराचं. ते म्हणाले, बाजारातल्या गोड द्राक्षाचा सिरका पाण्यासारखा होतो, त्याला अंग येत नाही. बारीक मण्याचा, जाड सालीचा पाहिजे, आणि तो चुन्याच्या जमिनीत पिकतो. दख्खनी घरांत लोणच्याला, हकिमांना औषधाला, सगळा माल ते उचलतील. सिरक्याचा परवाना निराळा असतो, त्याची खटपटही तेच करतील म्हणाले. जे पीक बाजारात लोकांनी थुंकलं, त्याच्यासाठी माणूस हात जोडून बसला होता. मला रडू आलं अण्णा. चहा गाळायचं निमित्त करून आत गेले.

सगळे गेल्यावर आणखी एक झालं. बलभीमनं विचारलं, "बाई, हे आता दारू न्हाय न्हवं?" मी म्हटलं, नाही. सरकारनंच लिहून दिलंय. त्यानं माळेला हात लावला, बोट बुडवलं, आणि तोंड असं केलं की गजराबाई हसून खाली बसली.

आणि मग वहिनी पायऱ्या उतरली.

तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. कंदील तिनंच घेतला. तुमच्या पाटासमोर उभी राहिली, जिथं तुम्ही संध्याकाळी बसायचात, पेला उजेडाशी धरायचात आणि आम्हाला जेवायला थांबवायचात. तिनं करंगळी बुडवली, चाखली. करंगळी पदराला पुसली. मग म्हणाली, "याच्यासाठी ते इतका वेळ इथं बसायचे व्हय, वन्सं? हे तर चिंचेच्या कोळासारखं."

मी म्हटलं, तेव्हा असं नव्हतं, वहिनी. तेव्हा भर पडत होती.

ती म्हणाली, "व्हय. तेव्हा पडत होती."

फाल्गुनात तुम्ही येताय. माळ तुमच्या नावावर आहे, सही तुमची, मी कोण अडवणार? फक्त सही करण्याआधी एकदा जेवून जा.

शारदा

२२ एप्रिल १९६०

ती. अण्णांस,
नमस्कार. तुम्ही इथं होतात तेव्हा बोलता आलं नाही, आणि तुमचं कार्ड काल आलं, म्हणून आज लिहिते.

तुम्ही बारीक झालात. केस पांढरे झालेत ते ठीक, पण सदऱ्याचं बटण तुटलेलं होतं. तिकडं बघणारं कुणी नाही का? विचारायचा हक्क नाही, पण बहीण आहे.

त्या दिवशी काकडीची कोशिंबीर तुम्ही दोनदा मागून घेतलीत आणि विचारलंत, लिंबू कुठलं? मी म्हटलं, लिंबू नाही, तुमचंच आहे. तुमचा घास तसाच राहिला. मग उठून तळघरात गेलात आणि इतका वेळ वर आला नाहीत की बाहेर बब्रुवाननं दोनदा खाकरून दाखवलं. वर आलात तेव्हा डोळे लाल होते. सिरक्याचा वास झोंबतोच तसा. बब्रुवानला म्हणालात, "आता नको. मुरूम दुसरीकडं बघा." तो आपल्या गाडीवानावर भडकून निघून गेला. तुम्हीही पाठोपाठ निघालात, चहासुद्धा न घेता. वहिनी त्या वेळी स्वैपाकघराच्या दाराआड उभी होती, हे तुम्हाला माहीत नसेल. तिच्या हातात तुमचा कप होता.

माळ राहिला. हे वाक्य मला दोनदा लिहावंसं वाटतं, पण शाई कमी आहे. घड गुरुसिद्धप्पांनी नेले, उन्हाळी खरड छाटणी चालू आहे, नव्या फुटी यायला लागल्यात. उन्हाळा कडक आहे, पण भेगांत खाली कुठंतरी ओल असणार, नाही तर इतक्या उन्हात हिरवं कुठून फुटतं?

आता कालच्या कार्डाचं. घरदार, तब्येत, कशाची चौकशी नाही, एकच ओळ: 'सिरक्याच्या पिंपाला भर घालावी लागते का?' मी पुन्हा पुन्हा वाचली. मला त्याचं उत्तर माहीत नव्हतं, म्हणून गुरुसिद्धप्पांना विचारलं. ते म्हणाले, घालावी लागते, थोडी थोडी, पापुद्रा न मोडता. नाही तर तोही एक दिवस मरतो.

मग मी वहिनीला कार्ड वाचून दाखवलं, नेहमीसारखं. आणि नेहमीसारखं विचारलं, काही लिहायचं का? ती कात्रीला तेल लावत होती. ती काही सांगेल अशी माझी आशा केव्हाच सुटली होती, म्हणून मी कागद घडी करायला घेतला.

ती म्हणाली, "थांबा वन्सं. लिहा."

इतक्या वर्षांत तिनं तुम्हाला दिलेला हा पहिला निरोप आहे, म्हणून तिचे शब्द न बदलता लिहिते:

"भर घालावी लागते. त्याला माणूस लागतं. कार्डानं भर पडत नाही."

शारदा